थकलेल्या बिलासाठी एनसीएलटी की एमएसएमई परिषद? निवड करताना लक्षात घ्यायचे निकाल

वकील म्हणतात, ‘एनसीएलटीत कलम ९ चा अर्ज टाका, कंपनी धावत येईल.’ सीए म्हणतात, ‘समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिप्पट व्याज मिळेल.’ एकाच थकलेल्या बिलावर असे दोन सल्ले मिळालेले पुरवठादार भोसरी, चाकण, बुटीबोरीत कितीतरी सापडतील. रस्ते दोन्ही खुले आहेत, पण जातात वेगळ्या गावांना. एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण; कलम ९ चा अर्ज तिथे नादारी व दिवाळखोरी संहितेखाली, म्हणजे आयबीसीखाली होतो, आणि ही संहिता कंपनीला पुनर्रचनेकडे किंवा लिलावाकडे नेते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्याची सुविधा परिषद, जिथे समाधान पोर्टलवरची तक्रार जाते, तुमच्या बिलाचा निवाडा करते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ पासूनच्या निकालांनी हा फरक अधिकच ठळक केला आहे.

आत कोणाला घेतात

कलम ९ साठी थकबाकी किमान १ कोटी लागते. २४ मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती, त्यामुळे जुने सल्ले आजही फिरत असतात. व्याज धरून कोटी गाठायचा असेल, तर व्याजाची अट बिलावर किंवा करारात लिहिलेली हवी. नुसत्या मुद्दलावर आकडा बसला तर उत्तम. २५ मार्च २०२० ते २४ मार्च २०२१ या कोविडच्या वर्षात झालेल्या थकबाकीवर कलम १०अ खाली हा अर्ज कधीच करता येत नाही.

परिषदेला रकमेची खालची मर्यादा नाही. मात्र पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग हवा. मध्यम उद्योगाला हे दार बंद आहे. नुसत्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, विलंबित देयकाच्या संरक्षणासाठी नाही. नोंदणी कधीची, हा प्रश्न नाजूक आहे. सिल्पी इंडस्ट्रीज (२०२१) आणि महाकाली फूड्स (२०२२) या निकालांनुसार नोंदणी आधी आणि पुरवठा नंतर, असा क्रम लागतो. जानेवारी २०२५ मध्ये एनबीसीसी प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी या भूमिकेवर शंका घेऊन प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला. तुमची नोंदणी पुरवठ्यानंतरची असेल, तर समोरचा वकील पहिली हरकत इथेच घेणार.

नोंदणीही नाही आणि रक्कमही कोटीच्या आत, अशा पुरवठादाराला वाणिज्यिक न्यायालयातला दावा उरतो (३ लाख किंवा जास्त). तिथे तातडीचा हुकूम मागत नसाल तर आधी मध्यस्थी करावीच लागते. ती न करता दाखल केलेला दावा फेटाळला जातो, हे पाटील ऑटोमेशन निकालाने २०२२ मध्ये पक्कं केलं.

वाद आहे की नुसती टाळाटाळ

माझ्या मते निवड इथेच ठरते. कलम ८ ची मागणी नोटीस पोचल्यावर कंपनीला १० दिवस मिळतात. त्या मुदतीत तिने ‘या बिलावर आधीपासून वाद आहे’ असं कागदोपत्री दाखवलं, तर कलम ९ चा अर्ज तिथेच संपतो. वाद किती भक्कम हवा, ते मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा (२१ सप्टेंबर २०१७) या निकालात ठरलं. प्रकरण टीव्हीवरच्या कार्यक्रमासाठी मतं गोळा करण्याच्या कामाचं होतं. मोबिलॉक्सने ३० जानेवारी २०१५ च्या ईमेलमध्ये कळवलं होतं, की गोपनीयतेच्या कराराचा भंग झाल्याने पैसे रोखले आहेत. मागणी नोटीस गेली डिसेंबर २०१६ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं आधीच्या त्या ईमेलमुळे अर्ज गेला. वाद खरा ठरेल का, हे न्यायाधिकरणाने तपासायचंच नाही. तो निव्वळ काल्पनिक किंवा पोकळ नसला, म्हणजे पुरे. २०२२ मध्ये एस. एस. इंजिनिअर्स विरुद्ध हिंदुस्तान पेट्रोलियम प्रकरणातही न्यायालयाने सांगितलं, की एनसीएलटी ही वसुलीची जागा नव्हे.

म्हणून नोटीस लिहायला बसण्याआधी मेलबॉक्स उघडा. रिजेक्शन नोट, डेबिट नोट, ‘क्वालिटी इश्यू’चा व्हॉट्सॲप मेसेज, उशिराच्या डिलिव्हरीचा दंड, चलनावर स्टोअरकीपरने मारलेला ‘४ नग कमी’ असा शेरा: यातलं काहीही नोटिशीआधीचं निघालं तर कलम ९ विसरा. परिषदेत असा वाद असला तरी दार बंद होत नाही. आधी समझोत्याचा प्रयत्न होतो, तो फसला की लवाद; आणि खरेदीदाराचा प्रतिदावाही तिथेच ऐकला जातो, असं सिल्पी निकाल सांगतो.

इथे क्रमाचा एक सापळा आहे. परिषदेत आधी तक्रार केली आणि खरेदीदाराने उत्तरात माल खराब असल्याचं लिहिलं, की तुमच्याच तक्रारीतून ‘आधीपासूनचा वाद’ तयार झाला. पुढे कलम ८ ची नोटीस धाडून उपयोग नाही. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीने त्याला लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान दिलं, तरी तेच, के. किशन (२०१८) निकालानुसार आव्हान प्रलंबित असेपर्यंत रक्कम वादग्रस्त धरली जाते. ‘दोन्हीकडे टाकून बघू’ हा सल्ला त्यामुळे महागात पडतो.

मुदत

कलम ९ ला तीन वर्षांची मुदत लागते आणि ती रक्कम थकल्याच्या तारखेपासून मोजतात, आयबीसी अमलात आल्यापासून नाही (बी. के. एज्युकेशनल, २०१८). कंपनीने सही करून दिलेलं लेजर कन्फर्मेशन मुदतीच्या आत मिळालं, तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात. ताळेबंदातली नोंदही कबुली ठरू शकते, पण तिच्या टिपांमध्ये काय लिहिलंय ते वाचायला हवं (बिशल जायसवाल, २०२१). परिषदेबाबत सोनाली पॉवर विरुद्ध महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ (जुलै २०२५) हा निकाल महत्त्वाचा आहे: मुदत उलटलेलं बिल समझोत्याच्या टप्प्यावर नेता येतं, लवादात चालत नाही.

पैसे हाती येण्याची शक्यता

परिषदेचं बळ व्याजात आहे. ४५ दिवसांवर पैसे राहिले, की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक दर ६ टक्के धरला तर १८ टक्के. ४० लाखांचे दोन वर्षांत सुमारे ५७ लाख १८ हजार होतात. शिवाय निवाड्याला आव्हान देताना खरेदीदाराला रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. तडजोडीला माणूस याच टप्प्यावर तयार होतो. कायद्यातली ९० दिवसांची मुदत मात्र धरून चालू नका, आणि निवाडा शेवटी मालमत्ता असलेल्या कंपनीवरच वसूल होतो.

कलम ९ मध्ये न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतल्यावर तुमचा ताबा सुटतो. धनकोंच्या, म्हणजे कंपनीकडून पैसे येणे असलेल्यांच्या, समितीत मत बँकांना. पुरवठादारांच्या प्रतिनिधीला बैठकीत बसता येतं, तेही सगळ्यांची थकबाकी मिळून एकूण कर्जाच्या किमान १० टक्के असेल तर. पुनर्रचनेच्या योजनेत तुम्हाला किमान तेवढं द्यावं लागतं, जेवढं कंपनी मोडीत काढली असती तर कलम ५३ च्या उतरंडीने मिळालं असतं. त्या उतरंडीत प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि तारणधारक बँका, कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी, इतके सगळे तुमच्या पुढे आहेत. पुष्कळदा हा आकडा शून्य निघतो. एस्सार स्टीलमध्ये अपील न्यायाधिकरणाने बँका आणि पुरवठादारांना सारखेच सुमारे ६०.७ टक्के ठरवले होते. १५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करून वाटपाचा निर्णय समितीच्या व्यावसायिक शहाणपणावर सोडला. फी २,००० रुपये बघून उडी मारणाऱ्यांनी हेही बघावं, की अंतरिम व्यावसायिकाचा (कंपनीचा ताबा घेणाऱ्या नादारी तज्ज्ञाचा) सुरुवातीचा खर्च अर्जदाराला उचलावा लागू शकतो.

माघार घेता येते का

परिषदेत हवं तेव्हा समझोता करता येतो. कलम ९ चा अर्ज दाखल करून घेतला जाईपर्यंत इथेही तेच, आणि या रस्त्याचा खरा दाब त्याच काळात असतो. दाखल करून घेतल्यावर गोष्ट सगळ्या धनकोंची होते. कलम १२अ खाली समितीच्या ९० टक्के मतांशिवाय अर्ज मागे जात नाही. समिती बनण्याआधीही माघार न्यायाधिकरणापुढे, ठरलेल्या पद्धतीनेच घ्यावी लागते. बायजूजच्या प्रकरणात क्रिकेट नियामक मंडळाने सुमारे १५८ कोटींसाठी अर्ज केला, तो जुलै २०२४ मध्ये दाखल करून घेतला गेला, ऑगस्टमध्ये तडजोड मंजूर झाली; आणि २३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. आलेली रक्कम समितीच्या ताब्यातल्या खात्यात ठेवावी लागली. संहितेच्या दुरुस्तीचं विधेयक १२ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलं गेलं होतं. त्यामुळे माघारीचे नियम अर्जाच्या दिवशी काय आहेत, ते तपासूनच पुढे जा.

दुसऱ्या कोणी आधी अर्ज केला तर

बँकेने कलम ७ खाली कंपनीला नेलं, की निवडीचा प्रश्नच उरत नाही. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजच्या निकालापासून (२०१७) कर्ज आणि थकबाकी सिद्ध झाली की बँकेचा अर्ज दाखल करून घेतला जातो. नागपूरच्या विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर निकालाने (२०२२) न्यायाधिकरणाला थोडी मोकळीक दिली, पण ती त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीपुरती, असं २०२३ मध्ये स्पष्ट झालं. मोरॅटोरियम, म्हणजे कंपनीवरच्या वसुलीला स्थगिती, लागताच परिषदेतलं प्रकरणही थांबतं. तेव्हा एकच काम: जाहीर सूचनेतल्या तारखेच्या आत नमुना बी भरून, बिलं, ई-वे बिलं आणि जीएसटी विवरणपत्रांसह दावा व्यावसायिकाकडे देणं. घनश्याम मिश्रा निकालानुसार (२०२१) योजनेत नसलेली देणी योजना मंजूर होताच संपतात, आणि उशिरा आलेले दावे घ्यायला न्यायालय नाखूश आहे (आरपीएस इन्फ्रास्ट्रक्चर, २०२३). न वटलेला चेक हातात असेल तर कंपनीवरचा खटला थांबतो, संचालकांवरचा चालू राहतो (पी. मोहनराज, २०२१), पण नोटिशीची १५ दिवसांची मुदत मोरॅटोरियमच्या आधी संपलेली हवी. चेक परत आल्यावर नोटीस लांबवू नका.

मग काय निवडावं

कंपनी चालू आहे, पैसे आहेत, रक्कम कोटीच्या वर, बिलाची लेखी कबुली आहे आणि मेलबॉक्समध्ये एकही तक्रार नाही: कलम ९. आधी एनईएसएलवर (कर्ज-थकबाकीच्या नोंदी ठेवणारी माहिती संस्था) थकबाकीची नोंद करा, मग नोटीस. मालाबद्दल एक जरी मेल असेल किंवा रक्कम लहान असेल आणि उद्यम नोंदणी पुरवठ्याआधीची असेल, तर परिषद. कंपनी आतून पोखरली आहे, बँकांचे हप्ते थकले आहेत असं कळलं, तर कलम ९ चा अर्ज तुमच्या पैशाने बँकांसाठी दार उघडण्यासारखा आहे. तिथे पुढचा माल रोख पैशांवरच सोडा आणि जुन्या बिलांची फाइल दाव्यासाठी तयार ठेवा.