धिंगरी की टेंपे? सोयाबीनच्या उरल्यासुरल्यातून प्रथिनं

लातूर-उदगीर पट्ट्यात सोयाबीन मळलं की भुसकटाचे ढीग लागतात, आणि जिथे सोयादूध-पनीर होतं तिथे रोज ओला चोथा उरतो. दोन्हींवर खाण्याची बुरशी वाढवता येते. बचत गटानं काय धरावं?

भुसकटावर धिंगरी अळिंबी येते. भुसकट रात्रभर भिजवायचं, साधारण ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून निथळायचं आणि थराथरानं स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं, टाकत पिशव्या भरायच्या. काही जण फॉर्मलिन आणि बुरशीनाशकाच्या पाण्यात भिजवतात. खायच्या वस्तूला ते नकोच. दोन-तीन आठवड्यांत पिशवी पांढरी होते, मग फुटवे येतात. किलोभर कोरड्या भुसकटामागे अर्धा किलो ताजी अळिंबी मिळाली तरी काम जमलं म्हणायचं. मात्र तिच्यात नव्वद टक्के पाणीच असतं, प्रथिनं शंभर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम. शिवाय तिला २० ते २८ अंश तापमान आणि ८० टक्क्यांवर आर्द्रता लागते. ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे एप्रिल-मेमध्ये दिवसभर पाण्याचा फवारा मारत बसणं मला पटत नाही. हे पावसाळ्यानंतरचं आणि हिवाळ्यातलं पीक.

टेंपे वेगळं. सोयाबीन आंबवून केलेली वडी असा जावा बेटावरचा हा जुना पदार्थ रायझोपस बुरशीनं होतो. तिथे सोयादुधाच्या चोथ्यावर न्यूरोस्पोरा नावाची नारिंगी बुरशी वाढवून ओंचोम नावाचा तसाच पदार्थही करतात. पण आपल्याकडे टेंपेचंच विरजण सहज मागवता येतं. चोथा घट्ट पिळून वाफवा, कोमट होऊ द्या, चमचाभर व्हिनेगर आणि विरजण मिसळा, टाचणीनं भोकं पाडलेल्या पिशवीत बोटभर जाडीचा थर पसरा. ३० ते ३२ अंशांत दीड दिवसात पांढऱ्या तंतूंनी घट्ट वडी बांधली जाते. अर्ध्या वेळानंतर बुरशी स्वतःच तापते. पिशवीला हात लावून पाहा. गरम लागली तर पिशव्या सुट्या करून वाऱ्याला ठेवा. उन्हाळ्यात माळवदाच्या घरातली थंड खोली इथे फार कामाची. भोकांपाशी काळसर ठिपके चालतात. चिकट, हिरवट किंवा अमोनियाच्या वासाची वडी सरळ टाकून द्या.

प्रथिनांत टेंपे पुढे. चोथ्याचं टेंपे अख्ख्या सोयाबीनच्या टेंपेएवढं सकस नसलं, तरी ताज्या धिंगरीपेक्षा जास्त प्रथिनं देतं. पण चोथा उन्हात काही तासांत आंबतो, त्याच दिवशी वापरावा लागतो. सोयादुधाचं युनिट गावातच नसेल तर या वाटेला जाऊ नका. खोबऱ्याच्या पेंडीवर तर हा प्रयोग मुळीच करू नका. इंडोनेशियात तशा टेंपेतून विषबाधा होऊन माणसं दगावली आहेत. हॉटेल-लग्नातलं उष्टंही नको.

विक्रीत धिंगरी सोपी: हॉटेलवाले तिला ओळखतात, उरलेली वाळवता येते. टेंपे आधी खाऊ घालावं लागतं. काळ्या मसाल्यात परतून दिलं तर लोक दुसऱ्यांदा मागतात.

माझं मत: नव्या गटानं दिवाळीनंतर धिंगरीनंच सुरुवात करावी. स्पॉन आणि प्रशिक्षणासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. चोथा रोज हाताशी असेल तर उन्हाळ्यात टेंपे जोडावं, आणि विक्रीआधी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यावी.