व्हेरिएबल पंपावर इलेक्ट्रिक कंट्रोल, आठ महिन्यांनंतर

कुंडईला आमच्या कारखान्यात १२५ टनी हॉट प्रेस आहे, फायबरच्या बॉक्सचे भाग काढतो. आधी तिच्यावर फिक्स डिलिव्हरीचा, म्हणजे गरज असो नसो तेवढंच तेल ढकलणारा पंप होता. जॉब तीन मिनिटं दाबून धरायचा आणि तेवढा वेळ मिनिटाला १०० लिटर तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) बोंबलत टँकमध्ये परत. १८० बार गुणिले १०० भागिले ६००, म्हणजे ३० किलोवॉट नुसते तेल तापवायला, मे महिन्यात टँकला हात लागत नसे.

फेब्रुवारीत व्हेरिएबल, म्हणजे लागेल तेवढंच तेल देणारा, स्वॉशप्लेटवाला पिस्टन पंप घेतला (आतली प्लेट जितकी तिरकी तितकं तेल जास्त), वर प्रपोर्शनल सोलेनॉइडचं प्रेशर कंट्रोल, म्हणजे करंटच्या प्रमाणात दाब ठरवणारी कॉइल. पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) ॲम्प्लिफायर कार्डाला सांगते, कार्ड कॉइलला करंट देतं, दाब गाठला की प्लेट आपोआप जवळजवळ सरळ होते आणि पंप फक्त गळतीपुरतं तेल देतो. पहिल्या दिवशी एकदम शांत झालं तर आमचा हेल्पर म्हणतो, "बाब, पंप न्हिदला रे!" (झोपला). तेल आता ५० डिग्रीच्या आसपास असतं, आधी ७० च्या घरात जायचं. जॉब बदलला की दाब स्क्रीनवरून बदलतो, पाना घेऊन वर चढायला नको.

आता डोकेदुखी. सप्लायरने पहिल्यांदा उलट्या कॅरेक्टरिस्टिकचं कंट्रोल पाठवलं, म्हणजे करंट शून्य झाला की दाब मॅक्झिमम! इथे लाईट जाते-येते, त्यात कार्डाचा फ्यूज उडाला आणि मोटर चालू राहिली तर काय होईल विचार करा. बदलून घेतलं, पण त्यात दीड महिना गेला. ऑर्डर देताना करंट गेल्यावर पंप कुठे जातो हे लिहून घ्या, तोंडी नको.

पहिला आठवडा प्रेशर गेजचा काटा नाचत होता. सगळे पीएलसीवाल्याच्या मागे लागले आणि निघाली काय तर सोलेनॉइडमधली हवा, ब्लीड स्क्रू ढिला करून काढली तर गप्प. आणि हो, सोलेनॉइडला हात लावला की बारीक थरथर लागते, ती बिघाड नव्हे, डिदर असतो, स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा) चिकटू नये म्हणून मुद्दाम दिलेला. आमच्या इलेक्ट्रिशियनने आवाज नको म्हणून तो शून्य केला होता, मग वर जाताना एक दाब आणि खाली येताना दुसरा, दोन दिवस आम्ही गेजलाच शिव्या घालत होतो.

खरी परीक्षा पावसात झाली. गणेश चवथीला कारखाना बंद होता, उघडून बटण दाबलं तर दाब ४० बारच्या वर जाईना. कॉइलला करंट बरोबर, मग चार ॲलन बोल्ट काढून व्हॉल्व्ह उतरवला. स्पूलवर चहाच्या कपाला बसतो तसला तपकिरी थर, बोटाने ढकलून हलेना. तेल काचेत धरलं तर ढगाळ, ब्रीदरमधून (टँकचं हवा आत-बाहेर सोडणारं झाकण) पावसाळी हवा आत जाऊन पाणी झालेलं. कनेक्टर उघडला तर पिनांना हिरवं. कंट्रोल वाईट नाही हो, जुना गिअर पंप असल्या तेलावर वर्षानुवर्षं चालला असता, हा नाही चालत. स्पूल धुतला, तेल बदललं, सिलिका जेलचा ब्रीदर लावला, कनेक्टरला नवीन सील आणि वर प्लॅस्टिकचं टोपडं. नवीन बॅरलचं तेलसुद्धा थेट टाकत नाही आता, १० मायक्रॉनच्या फिल्टर कार्टमधून फिरवूनच. तेल किती स्वच्छ ते कणांच्या मोजणीवरून सांगणारा आयएसओ ४४०६ चा १८/१६/१३ हा आकडा धरून चाललोय, सॅम्पल लॅबला जातं. त्यानंतर एकदाही अडकला नाही.

कार्ड मात्र करंट कंट्रोलचंच घ्या. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, नुसता व्होल्टेज दिला तर सकाळचा दाब दुपारी राहत नाही.

दुसऱ्या प्रेसलाही हाच बसवतोय, डिसेंबरात. ब्रीदर आणि फिल्टर कार्ट आधीच येऊन पडलेत, पंप अजून यायचाय.