भोसरी एमआयडीसीतलं रिवाइंडिंगचं दुकान: कॉइल हवी तशी मिळाली

दुकान तसं जळालेल्या मोटारी आणि पंप भरून देणारं. मी गेले एमएस्सीच्या लॅबसाठी हेल्महोल्ट्झ कॉइलची जोडी (समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइल, मध्ये एकसारखं चुंबकीय क्षेत्र देणाऱ्या) करून घ्यायला: त्रिज्या 15 सेंटीमीटर, प्रत्येकी 150 वेढे. फ्यूजनच्या (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा काढण्याच्या) यंत्रात चुंबकीय क्षेत्रातली बारीकशी चूक कुठून येते, ते मुलांनी स्वतः मोजून बघावं म्हणून.

टोकामॅकमध्ये, म्हणजे तापलेला वायू (प्लाझ्मा) चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या कड्यासारख्या फ्यूजन यंत्रात, मुख्य क्षेत्राच्या दहा हजारांत एक भाग एवढी चूकसुद्धा प्लाझ्माचं फिरणं अडवू शकते. मग चुंबकीय बेट (प्लाझ्मातल्या क्षेत्ररेषांचं वेगळं पडलेलं वेटोळं) एका जागी अडकतं आणि प्लाझ्मा कोसळू शकतो. या चुकीचं मूळ मात्र वाइंडिंगवाल्यांच्या रोजच्या ओळखीचं असतं: कॉइल काही मिलिमीटर सरकलेली, थर बदलताना तार तिरकी गेलेली, लीड (तारेची बाहेर काढलेली दोन टोकं) एकमेकींपासून लांब काढलेल्या. फ्रान्समधल्या ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या आराखड्यात ही चूक भरून काढायला 18 वेगळ्या करेक्शन कॉइल आहेत. वर 6, मध्ये 6, खाली 6.

आमची जुनी जोडी दुसरीकडे केलेली. तिच्या लीड समोरासमोरच्या बाजूंनी काढल्या होत्या, म्हणजे एका अंगाला अर्धा वेढा जास्त. इथल्या काकांनी ड्रॉइंग बघितलं आणि स्वतःच विचारलं, “मॅडम, दोन्ही लीड एकाच जागी काढून पीळ देऊ ना?” मी तिथेच ऑर्डर दिली. थर चढवायची जागाही ते दर वेळी थोडी पुढे घेतात, त्यामुळे एकाच ठिकाणी फुगवटा येत नाही. फायबरचा फर्मा लेथवर काढलेला, वेढे काउंटरवर मोजलेले, वार्निश पूर्ण वाळलेलं.

लॅबमध्ये 2 अँपिअर सोडले. मध्यभागी हिशेबाप्रमाणे 18 गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) यायला हवेत, तेवढेच आले. करंट उलटा करून पुन्हा मोजलं, म्हणजे पृथ्वीचं 0.4 गॉसच्या आसपासचं क्षेत्र वजा होतं. मग हॉल प्रोब (चुंबकीय क्षेत्र मोजायचं साधन) गोलाकार फिरवला. जुन्या जोडीत लीडजवळ आकडा हलायचा, हिच्यात शेवटचा अंक सोडला तर काही हललं नाही. मुलं खूश, मी त्याहून.

तक्रार एकच, कागदपत्रांची. कॉलेजला कोटेशन लागतं आणि ते मिळवायला पाठपुरावा करावा लागला. तारेचा दर तांब्याच्या भावावर ठरतो, मजुरी वेगळी; दोन्ही आधी लिहून घ्या. गुरुवारी बंद. ड्रॉइंगवर लीडची बाजू दाखवलीत तर काम लवकर होतं.

आता चूक मुद्दाम करून ती दुरुस्त करायचा प्रयोग बसवतेय. त्याच्या छोट्या करेक्शन कॉइल काकांकडेच टाकल्यात.