खोडदची दुर्बीण आणि सासूबाईंची चाळण

लग्न होऊन जुन्नर तालुक्यात आले त्याला १६ वर्षं झाली, पण खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश मी लांबूनच पाहिल्या होत्या. यंदा विज्ञान दिनाला सातवीतल्या लेकीला आणि सासूबाईंना घेऊन खोडदला गेले.

उन्हं चढायच्या आत पोहोचा, टोपी-पाणी न्या. फोन बंदच ठेवावा लागतो, कारण आकाशातून येणारे रेडिओ संकेत फार क्षीण असतात आणि फोनमुळे त्यात व्यत्यय येतो.

एकेक डिश ४५ मीटर व्यासाची, अशा ३० आहेत. १४ एकमेकींच्या जवळ, बाकीच्या १६ तीन दिशांना पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. खाली उभं राहून मान दुखेपर्यंत बघत होतो. एक तरुण संशोधक मुलगी माहिती सांगत होती, तीही आपल्या साध्या मराठीत. सासूबाईंनी विचारलं, “बाई, ही तर नुसती जाळी. यातून सगळं गळून नाही का जात?”

ती हसली नाही की घाईही केली नाही. “आजी, गहू चाळता तेव्हा माती खाली पडते, गहू वर राहतो ना? इथं वारा आरपार जातो आणि लहरी वर राहतात. आकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणारी लहर वीतभर लांब असते, जाळीची भोकं बोटाच्या पेराहून बारीक.” वारा अडत नाही, म्हणून एवढी मोठी डिशही हलकी बांधता आली. बी.एस्सी.ला मी तरंगलांबी पाठ केली होती, कळली त्या दिवशी.

नंतर लेकीनं तिला गाठलं. काय शिकलीस, घरचे काय म्हणाले, रात्री काम असतं का? तिनं एकही प्रश्न टाळला नाही. माझ्यासाठी अख्ख्या दिवसाचं मोल त्या दहा मिनिटांत होतं.

परतताना लेकीला शास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. ज्यांच्या शोधामुळे हा दिवस साजरा होतो त्या रामन यांनीच १९३३ साली, बाई म्हणून, त्यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, वर्षभर काम पाहून मग ठरवू या अटीवर आत गेल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांच्यानंतर रामन मुलींना घेऊ लागले. लेक बराच वेळ गप्प होती.

पाचपैकी पाच. मुलींना तर न्याच, पण आजीलाही न्या. दुसऱ्या दिवशी सासूबाई ओट्यावर बसून शेजारच्या काकूंना हातातली चाळण दाखवत होत्या, “ही बघ, अशी असते ती दुर्बीण.”