यादी करावी की दिवस आखावा?

कामं अंगावर यायला लागली की सल्ला मिळतो, "यादी कर." थोड्या वेळाने दुसरा मिळतो, "दिवस आखून घे." ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. तसं नाही. यादीने डोकं हलकं होतं आणि आखणीने तासांचा हिशोब कळतो. तुम्हाला यातलं काय जड झालंय, त्यावर निवड करा.

रात्री पाठ टेकली की "ते राहिलंच" असं आठवत असेल, तर यादी. मध्येच थांबवलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं होतं. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत ते दिसलं नाही, पण अनुभव बहुतेकांचा आहे. पुढे २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांना आढळलं, की काम संपवावंच लागतं असं नाही. ते कधी नि कसं करायचं हे पक्कं ठरवलं तरी डोक्यातली भुणभुण कमी होते. म्हणून यादीत नुसतं "विमा" लिहू नका. "उद्या दहा वाजता विम्यासाठी फोन" असं लिहा. २०१८ च्या एका छोट्या प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. फुकटातल्या उपायाला हे वाईट नाही.

यादीची खोड अशी, की तिच्यात सगळी कामं एका उंचीची दिसतात. फोन एक ओळ, अख्खा अहवालही एकच ओळ. मग आपण बारीकसारीक कामांवर टिचक्या मारत बसतो आणि अहवाल आठवडाभर तिथंच. शिवाय यादीला तळ नसतो, कितीही वाढते.

दिवसाला मात्र तळ असतो. नऊ ते साडेदहा अहवाल, मग फोन, असं मांडत गेलं की जागा संपते आणि काय मावत नाही ते उघडं पडतं. घोळ होतो तो अंदाजात. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं, की आपण कामाला लागणारा वेळ कमी धरतो. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी ३४ दिवस लागतील म्हटलं, लागले ५५ हून जास्त. म्हणून आपल्या अंदाजाची दीडपट धरा आणि दिवसाचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. नाहीतर अकरा वाजेपर्यंत आखणी कोलमडते आणि आपण नालायक आहोत अशी भावना वर फुकट मिळते.

घरी तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, किंवा कामच दुसऱ्याच्या फोनवर चालत असेल, तर आखणीच्या वाटेला जाऊ नका. यादी ठेवा, वर फक्त तीन कामं, बाकीची खाली.

तिसरा पर्याय पोमोडोरोचा: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी तो १९८० च्या दशकात टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून काढला. सुरुवातच होत नसेल तर उत्तम. कोणतं काम करायचं, हे मात्र टायमर सांगत नाही.

आणि यादी उघडवतच नसेल, झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, तर वह्या-टायमर बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा.

मी स्वतः दोन्ही वापरते, आधी यादी, मग आखणी. एकदा यादीतल्या प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहिली. बेरीज चौदा तास झाली, हातात होते सहा. इतका फरक असला की कुठलीच पद्धत कामाची नाही, काहीतरी काढावंच लागतं. त्या दिवशी दोन कामं दुसऱ्यांना दिली आणि एका कागदासाठी पुढची तारीख मागितली. समोरच्याला तो कागद पुढच्या आठवड्यातच हवा होता.