जुनी अ‍ॅसिडिटी: गोळी चालू ठेवावी की दुर्बिणीने तपासावे?

रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेऊन वर्षानुवर्षे काढणारे घरोघरी आहेत. गोळी आम्ल कमी करते, जळजळ थांबते, अन्ननलिकेवरचे व्रण भरतात. स्वस्त आणि सोपे. पण अन्ननलिकेचे आतले अस्तर कसे आहे, हे तिच्याकडून कळत नाही.

मला काळजी वाटते ती इथेच. सतत वर येणाऱ्या आम्लाने खालच्या भागातल्या चपट्या पेशी जाऊन तिथे आतड्यासारख्या पेशी येऊ शकतात. हीच ‘बॅरेट अन्ननलिका’, कर्करोगाच्या आधीची अवस्था. नव्या अस्तराला आम्ल कमी झोंबते, त्यामुळे त्रास कमी झाला म्हणजे धोका टळला असे नाही.

एंडोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीला, सहा-आठ तास उपाशी राहावे लागते, घशात बधिर करणारा फवारा मारतात, पाचदहा मिनिटांत काम होते. नळी गिळायची भीती खरी आहे, खर्चही आहे. पण बदल डोळ्यांना दिसतो आणि तुकडा काढून खात्री करता येते.

सरसकट प्रत्येकाला तिची गरज नाही. बॅरेट झालेल्यांतही बहुतेकांना कर्करोग होत नाही. मात्र पाचेक वर्षांची जळजळ, पन्नाशी ओलांडलेला पुरुष, सुटलेले पोट, धूम्रपान, घरात कुणाला हा आजार, यांतले बरेच जुळत असेल तर मी दुर्बिणीच्याच बाजूने. घास अडकणे, वजन घटणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर वय कितीही असो, गोळीवर दिवस ढकलू नका.

बॅरेट निघाली तरी गोळी सुटत नाही. पुढची तपासणी साधारण तीन ते पाच वर्षांनी असते.