स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी: दीड वर्षानंतरचा अनुभव, विशेषतः ताटाबद्दल आणि आग्रहाबद्दल

आधी निकाल सांगते. पुन्हा ठरवायची वेळ आली तरी वजन उतरवण्यासाठी पोट लहान करायची ही शस्त्रक्रिया मी करून घेईन. मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या. झोपेत श्वास अडू नये म्हणून रात्री नाकाला लावायचं सीपॅप मशीन, झोपेची तपासणी पुन्हा करून, डॉक्टरांनी बंद केलं. जोतिबाच्या पायऱ्या आता मध्ये न बसता चढते. पण शस्त्रक्रियेआधी मी जे वाचलं-ऐकलं ते सगळं किलोंचं होतं. हे नवं पोट घेऊन भरल्या घरात रोज जेवायला कसं बसायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून लिहितेय.

स्लीव्हमध्ये दुर्बिणीतून पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं. त्यामुळे सुरुवातीचे महिने भूक लागतच नाही म्हटलं तरी चालेल. ऐकायला छान वाटतं. पण भूक गेली तरी खावंसं वाटणं जात नाही, हे मला घरी आल्यावर कळलं. संध्याकाळी कामावरून आलं की चहा आणि भडंग, ही माझी वर्षानुवर्षांची विश्रांती होती. पोटाला भडंग नको होतं, मला हवं होतं. भडंगाचा डबा हातात घेऊन मी स्वयंपाकघरात रडले आहे. सासूबाईंना वाटलं टाके दुखतायत.

शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञांची एक भेट झाली, फॉर्मवर सही झाली आणि तो विषय तिथेच संपला. नंतरच्या रडण्यासाठी काहीच ठरलेलं नव्हतं. पुढे मी स्वतः शोधून एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले. माझ्या मते शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये हे पुढचं वर्षभर धरलेलं असायलाच हवं. डाएटिशियनचा फोन येतो, वजन विचारतो, ठेवून देतो. कशी आहेस, हे कुणी विचारत नाही.

आता ताट. आधी पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, असं करत नेहमीच्या जेवणावर यायला काही आठवडे जातात. चपाती आणि मोकळा भात मला अजून छातीत अडकल्यासारखे होतात. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करली की उतरते. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास नाही, आणि तरी दिवसभरात दीड लिटर घोट घोट करून संपवायचं. बाटली कायम सोबत लागते.

खरी कसरत प्रथिनांची. दिवसाला किमान ६० ग्रॅम सांगतात. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, आणि आपल्या पातळ वरणाच्या वाटीत फारच थोडी. म्हणजे लहान पोटात आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. आपलं ताट याच्या अगदी उलट भरतं. उपवासाच्या साबुदाण्यात तर प्रथिनं जवळजवळ नसतातच, म्हणून मी एकादशी सोडली. देवघरात मनापासून सांगून सोडली. कोल्हापूरच्या माणसाला एक दिलासा: पांढरा रस्सा छान उतरतो, मटणाचे तुकडे मात्र बारीक करून खूप चावावे लागतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळायला लागले. भराभर वजन उतरलं की असं होतं आणि बहुतेकांचे पुन्हा येतात. माझे आले. पण ते महिने वाईट होते. बी१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सायट्रेट हे आयुष्यभराचं आहे, रक्ततपासणीही. बरं वाटतंय म्हणून थांबवायचं नाही.

सगळ्यात जड गेलं ते माणसांचं. आपल्याकडे वाढणाऱ्या बाईचा हात ताटावर रेंगाळतो तेव्हा ती माया वाढत असते. गावच्या जत्रेला आत्याबाईंनी वाटी पुढे केली, मी हात आडवा धरला, तर त्यांचे डोळे भरले. “अगं, चिमणीएवढं खाऊन कसं जगशील? माझ्या हातचं नको झालं का?” यावर प्रथिनांचं गणित सांगून उपयोग नसतो. मी आता आधीच फोन करते. “आत्या, मला एकच घास पुरतो, पण तो तुमच्या हातचा द्या, आणि डब्यात थोडं भरून द्या.” डबा घरी येतो, हे आणि मुलं खातात, आत्यांचा मान राहतो. लग्नाच्या पंगतीत लहान मुलांबरोबर बसते, तिथे थोडं वाढलेलं कुणाला खटकत नाही.

दुसरी गोष्ट, चेहऱ्यावरून होणारी चौकशी. “काय गं, आजारी आहेस का? साखर वाढली का?” आणि शस्त्रक्रियेचं कळलं की, “म्हणजे सोपा मार्ग घेतलास.” हे वाक्य मला फार लागलं. जी माणसं वर्षानुवर्षं माझ्याकडे न बघता बोलायची ती आता थांबून बोलतात, याचा आनंद होण्याऐवजी राग येतो. समुपदेशक बाई म्हणाल्या की तो राग खराच आहे, दाबू नका. जावेशी मात्र नातं सुधारलं, कारण तिने एकदाही वजन विचारलं नाही.

आरशाचंही सांगते. दुकानात अजून हात आधी मोठ्या मापाकडे जातो. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबते, उन्हाळ्यात घड्यांमध्ये पुरळ येतं. रोज कोरडं पुसणं आणि सुती कपडे, एवढाच इलाज मला लागू पडला. कातडी काढायची शस्त्रक्रिया वजन स्थिर झाल्यावरच करतात आणि विमा बहुधा ती सौंदर्यासाठी धरून नाकारतो. मूळ शस्त्रक्रियेसाठी विमा नियामकाच्या २०१९ च्या अटींत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास थांबणं) किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह, असं होतं. तुमच्या पॉलिसीच्या अटी आणि प्रतीक्षाकाळ (खर्च मिळायला आधी किती काळ जावा लागतो) आधी वाचा.

ज्यांच्या घरी कुणी हे करून घेणार असेल त्यांनी घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आधीच्या भेटीला सोबत न्या. माझ्या सासूबाई दुसऱ्या भेटीला आल्या आणि त्यानंतर घरात मूगडाळीचं घट्ट धिरडं, पनीर घालून, माझ्यासाठी वेगळं होऊ लागलं. त्याआधी त्या मला साजूक तुपातला शिराच देत होत्या, ताकद यावी म्हणून.

आणि दोन गोष्टी राहिल्या. गुडघा दुखला म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी घेऊ नका, सर्जनना विचारा, काही गोळ्यांनी या पोटाला जखम होऊ शकते. आणि मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर पहिल्या आठवड्यापासून साखर आणि दाब घरी मोजून लिहून ठेवा. डोस लवकर बदलावा लागतो, आणि ती वही डॉक्टर खरोखर बघतात.